एकाच खोलीत सगळ्यांचे खाद्य: लातूर जिल्ह्यातील एका गोठ्याचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे कुटुंब लातूर जिल्ह्याच्या दक्षिण भागातील आहे. नाव, गाव आणि ओळख पटेल असे तपशील येथे गाळले आहेत. दोघे भाऊ एकत्र राहतात, मिळून ११ एकर जमीन कसतात, खरिपात सोयाबीन व तूर आणि रब्बीत ज्वारी व हरभरा घेतात. पाण्याचा भरवसा नसलेल्या आपल्या भागात घर चालते ते जनावरांवर, आणि या घरातही तसेच आहे. घटनेच्या वेळी त्यांच्याकडे ४ संकरित गाई, १ म्हैस, देवणी बैलांची एक जोडी, २२ उस्मानाबादी शेळ्या, ९ मेंढ्या, सुमारे १५० गावरान कोंबड्या व त्यांची पिल्ले आणि १ घोडी होती. घोडी धाकट्या भावाने माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेतून आणली होती आणि लग्नसराईत ती वरातीला जात असे. गाई-म्हशीचे मिळून रोज ३८ लिटरच्या आसपास दूध संकलन केंद्रावर जात होते.

मी या भागात पशुवैद्यक म्हणून काम करतो. रेतन, लसीकरण, अडलेली गाय अशा निमित्ताने या घरी माझे वर्षानुवर्षे जाणे-येणे आहे. प्रकरण घडले तेव्हा उपचार, शवविच्छेदन आणि पुढची मांडणी या तिन्हींत माझा सहभाग होता, त्यामुळे हे लेखन पूर्णपणे बाहेरच्या माणसाचे नाही, हे वाचकाने लक्षात ठेवावे.

गोठ्याला लागून १२ बाय १८ फुटांची पत्र्याची खोली होती. तिला घरात ‘पेंडीची खोली’ म्हणत, पण प्रत्यक्षात त्या खोलीत सगळेच असे. पश्चिमेच्या भिंतीला टेकून सरकी पेंडीच्या, म्हणजे आमच्याकडच्या बोलीत ढेपेच्या, गोण्यांची थप्पी होती. त्याशेजारी गोळी पेंड, मक्याचा भरडा, तूर चुनी आणि पिल्लांच्या खाद्याची एक गोणी. दाराजवळ युरियाच्या ४५ किलोच्या ८ गोण्या. कोपऱ्यात पेरणीतून उरलेले, औषध लावलेले सोयाबीनचे गुलाबी बियाणे अर्धी गोणी. खिडकीच्या फळीवर तणनाशकाच्या बाटल्या, फवारणीचा पंप आणि उंदरांच्या औषधाची पुडी. फरशी शहाबादी होती व गोण्या थेट तिच्यावरच ठेवलेल्या होत्या. मक्याचा भरडा ज्या गोणीत होता ती युरियाची रिकामी गोणी होती. झटकून, उलटी करून वापरात घेतलेली.

यात कोणाचा आळस नव्हता. पेंडीचा भाव उतरलेला दिसला म्हणून थोरल्या भावाने जुलैच्या अखेरीस २५ गोण्या एकदम घेतल्या होत्या आणि त्या ठेवायला पावसापासून आडोसा असलेली हीच एक जागा होती. युरियाही पावसापासूनच वाचवायचा होता. म्हणजे ‘कोरडे राहिले पाहिजे’ या एकाच कसोटीवर सगळ्या वस्तू एका छपराखाली आल्या. कोणाचे खाद्य कोणासाठी आणि कोणत्या वस्तूला कोणत्या वस्तूपासून लांब ठेवायचे, ही दुसरी कसोटी कोणी लावलीच नव्हती.

अडचण कशी उभी राहिली

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात तीन दिवस संततधार लागली. पश्चिमेकडच्या पत्र्याच्या जोडातून पाणी झिरपत होते, ते भिंतीवरून उतरून थप्पीच्या तळाशी साचले. त्या वेळी पेंडीच्या १४ गोण्या शिल्लक होत्या. चौथ्या दिवशी सकाळी खोली उघडली तेव्हा थोरल्या जाऊबाईंना कुबट वास आला. “वास येतोय ह्या पेंडीचा, गाईला घालू नका,” असे त्या म्हणाल्या. भावांनी खालच्या ५ ओल्या गोण्या बाहेर काढून ताडपत्रीवर पसरल्या आणि वरच्या ९ कोरड्या दिसणाऱ्या गोण्यांतली पेंड घालणे चालू ठेवले. या प्रकरणातला पहिला निर्णय हाच, आणि तो त्या वेळी सगळ्यांना रास्त वाटला होता. ओले वेगळे केले, कोरडे वापरले.

पुढच्या पाच-सहा दिवसांत दूध ३८ लिटरवरून ३० लिटरवर आले. दोन गाई आंबोण अर्धवट सोडू लागल्या, एकीचे शेण पातळ झाले. घरच्यांनी दोष पावसाळी हवेला दिला.

त्याच आठवड्यात दुसरी घटना घडली, आणि मला बोलावणे आले ते तिच्यासाठी. घोडीला रोज भिजवलेला हरभरा आणि गव्हाचा कोंडा मिळत असे. पावसामुळे तालुक्याला जाणे झाले नाही आणि कोंडा संपला. तेव्हा पंधरा वर्षांच्या पुतण्याने खोलीतल्या एका गोणीतून रोज सुमारे दोन किलो खाद्य तिला घातले. गोणीवर गाईचे चित्र होते. गाईचे खाद्य घोडीला चालेल असे त्याला वाटले. प्रत्यक्षात त्या गोणीत पिल्लांचे खाद्य होते. उंदरांनी पिल्लांच्या खाद्याची मूळ गोणी कुरतडली होती, म्हणून धाकट्या जाऊबाईंनी उरलेले खाद्य गोळी पेंडीच्या रिकाम्या गोणीत ओतून ठेवले होते. हे त्यांनी घरात सांगितलेही होते, पण मुलगा तेव्हा शाळेत होता.

चौथ्या दिवशी घोडीने खाणे सोडले. मी संध्याकाळी पोचलो तेव्हा ती घामाने भिजलेली होती, मागचे पाय लटपटत होते, नाडी फार जलद चालत होती आणि लघवी गडद रंगाची होती. भिंतीला खांदा लावून ती उभी होती आणि पाणी समोर धरले तरी तोंड लावत नव्हती.

निदान

पोटशूळ, साप, युरिया अशा शक्यता मी एकेक करून तपासत गेलो. युरियाची विषबाधा असती तर ती पहिल्यांदा रवंथ करणाऱ्या जनावरांत दिसली असती. शेवटी मी “गेले चार दिवस हिला काय घातले, ते मला आणून दाखवा” असे म्हणालो. मुलाने ओंजळभर खाद्य आणले. बारीक दाणेदार चुरा होता तो, गाईच्या गोळीसारखा अजिबात नव्हता. मग कुरतडलेली मूळ गोणी शोधली. ती कोंबड्यांच्या खुराड्यावर आडोसा म्हणून टाकलेली सापडली. तिच्या शिवणीला लावलेल्या कागदी पट्टीवर सॅलिनोमायसिन हे नाव छापलेले होते.

सॅलिनोमायसिन, मोनेन्सिन ही औषधे कोंबडीच्या पिल्लांना रक्ती हगवण होऊ नये म्हणून खाद्यात मिसळतात आणि कोंबडीला ती ठरावीक प्रमाणात मानवतात. घोडा, गाढव, खेचर यांना मात्र ती अत्यंत घातक असतात, कारण त्यांचे शरीर ही औषधे लवकर निकामी करून बाहेर टाकू शकत नाही आणि हृदयाच्या व पायांच्या स्नायूंच्या पेशी मरू लागतात. कोंबडीच्या खाद्यात सॅलिनोमायसिनचे प्रमाण सर्वसाधारणपणे किलोमागे ६० मिलीग्रॅमच्या आसपास असते. दोन किलो खाद्यातून रोज १२० मिलीग्रॅम गेले. घोडीचे वजन ३०० किलो धरले तर किलो वजनामागे ०.४ मिलीग्रॅम रोज, आणि असे चार दिवस. घोड्यासाठी किलो वजनामागे ०.६ मिलीग्रॅम ही मात्राच प्राणघातक मानली जाते. यावर उतारा नाही. शिरेतून सलाईन, पोटात कोळशाची पूड, विश्रांती आणि खाद्य तत्काळ बंद, एवढेच हातात होते आणि तेवढे केले. तिसऱ्या दिवशी पहाटे घोडी गेली. शवविच्छेदनात हृदयाच्या स्नायूवर फिकट पट्टे दिसले. खाद्यातील औषधाचे प्रमाण प्रयोगशाळेतून मोजून घेतलेले नाही, त्यामुळे निदान लक्षणे, पट्टी, खाऊ घातलेले प्रमाण आणि शवविच्छेदन यांवर आधारलेले आहे. माझ्या मनात मात्र त्याविषयी शंका नाही.

त्याच भेटीत गाईंच्या दुधाचा विषय निघाला आणि मी पहिल्यांदा त्या खोलीत पाऊल टाकले. वरच्या ‘कोरड्या’ गोण्यांपैकी एक फोडून पेंडीचा तुकडा हातात मोडला. बाहेरून तपकिरी, नेहमीसारखा. मोडलेल्या कडेला मात्र हिरवट-करडी भुकटी बोटाला लागली आणि जुन्या माठासारखा वास आला. थोरल्या जाऊबाई माझ्याकडे पाहत होत्या. त्यांनी हे आठवडाभर आधी सांगितले होते.

पेंडीबाबत कोणते पर्याय तोलले

घोडीच्या बाबतीत निवडीला वाव राहिला नव्हता. पेंडीच्या १४ गोण्यांचे काय करायचे, हा प्रश्न मात्र खराखुरा निर्णयाचा होता, कारण गोणीला साधारण १,७०० रुपये धरले तरी २३,८०० रुपयांचा माल होता, आणि घोडी गेल्यावर घरात पैशाची चणचण लागलेली होती. त्या रात्री ओसरीवर बसून आम्ही एकेक मार्ग बोलून पाहिला.

पहिला मार्ग उन्हात वाळवून घालण्याचा. थोरल्या भावाचा कल याकडे होता. मी सांगितले की ऊन बुरशीची वाढ थांबवते, पण अस्परजिलस फ्लेवस जातीच्या बुरशीने एकदा अफलाटॉक्सिन हे विष तयार केले की ते उन्हाने, शिजवल्याने किंवा उकळत्या पाण्याने जात नाही. वाळलेली पेंड दिसायला चांगली होते, म्हणून ती अधिक धोक्याची.

दुसरा मार्ग चांगल्या पेंडीत थोडी थोडी मिसळून संपवण्याचा. हा मार्ग आपल्याकडे फार चालतो आणि तो सर्वांत फसवा आहे, कारण त्यात खाद्य फेकल्यासारखे वाटत नाही आणि विष मात्र रोज गोठ्यात जाते. गाईने खाल्लेल्या अफलाटॉक्सिन बी१ चा काही अंश एम१ या रूपात दुधात उतरतो, तोही पहिल्या दिवसभरातच. पशुखाद्यासाठी भारतीय मानकात बी१ ची मर्यादा किलोमागे २० मायक्रोग्रॅम आहे आणि दुधात एम१ ची कायदेशीर मर्यादा किलोमागे ०.५ मायक्रोग्रॅम. कायद्याची बाजू येथे नीट समजून घ्यायला हवी. अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ यातील ‘अन्न’ या व्याख्येतून पशुखाद्य वगळलेले आहे आणि त्या कायद्याचा रोख शेतकऱ्याच्या गोठ्यावर नाही. पण त्याच गोठ्यातले दूध संकलन केंद्राच्या कॅनमध्ये पडले की ते अन्न होते आणि तिथून पुढे ती मर्यादा लागू होते. त्या कॅनमध्ये आणखी वीस घरांचे दूध असते आणि ते शेवटी कोणाच्या तरी लेकराच्या वाटीत जाते.

तिसरा मार्ग बैलांना किंवा शेळ्यांना घालण्याचा: ते दूध केंद्रावर देत नाहीत, मग बिघडले कुठे? अफलाटॉक्सिन यकृतावर बसते, ते बैलालाही यकृत आहे म्हणून बसते. शिवाय बावीसपैकी सहा शेळ्या गाभण होत्या. चौथा मार्ग कोंबड्यांना टाकण्याचा, जो धाकट्या भावाने सुचवला. पण पिल्ले या विषाला गाईपेक्षाही लवकर बळी पडतात.

पाचवा मार्ग विकण्याचा होता. एक व्यापारी वरच्या ९ गोण्या अर्ध्या भावात, म्हणजे ७,६५० रुपयांना, नेण्यास तयार होता. यावर घरात सर्वांत जास्त वेळ बोलणे झाले. शेवटी आजी, ज्या तोवर गप्प होत्या, एवढेच म्हणाल्या, “आपल्या गाईला नको ते दुसऱ्याच्या गाईला कसं चालंल?” व्यापारी परत गेला.

सहावा मार्ग तपासून ठरवण्याचा. मी हाच सुचवला, पण ९ गोण्यांपुरता. दिसायला बुरशी असलेल्या ५ गोण्या तपासण्यात पैसे घालवण्यासारखे काही नव्हते. अफलाटॉक्सिन गोणीत सगळीकडे सारखे नसते, एका गोणीच्या एका कोपऱ्यात भरपूर आणि दुसऱ्या टोकाला शून्य असे असू शकते. म्हणून एका मुठीचा नमुना काही सांगत नाही. प्रत्येक गोणीच्या वर, मध्ये आणि तळाशी सळई घालून थोडे थोडे काढले, सगळे एकत्र कुटून त्यातून एक किलोचा नमुना कागदी पिशवीत घेतला. प्लास्टिकच्या पिशवीत ओल धरून बुरशी वाटेतच वाढते, म्हणून कागदी. मराठवाड्यात उदगीर आणि परभणी येथे पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत. नमुना कोठे पाठवावा याची विचारणा तिथून सुरू करणे सोयीचे जाते.

काय केले

अहवाल येईपर्यंत सगळी पेंड बंद केली आणि चार दिवस दूध केंद्रावर पाठवले नाही. स्वच्छ खाद्य सुरू झाल्यावर दुधातले एम१ साधारण तीन-चार दिवसांत खाली येते, या आधारावर तो काळ ठरवला. लिटरला ३४ रुपये आणि ३८ लिटर धरले तर चार दिवसांचे ५,१६८ रुपये होतात. दूध उतरलेले असल्याने प्रत्यक्ष नुकसान थोडे कमी झाले. दूध खड्ड्यात ओतताना थोरले भाऊ तिथे थांबले नाहीत.

नवव्या दिवशी अहवाल आला: एकत्र नमुन्यात किलोमागे ३४ मायक्रोग्रॅम. कोरड्या दिसणाऱ्या गोण्याही मर्यादेच्या वर होत्या. सगळ्या १४ गोण्या विहिरीपासून आणि ओढ्यापासून लांब, चढावर घेतलेल्या खोल खड्ड्यात शेण व मातीच्या थरांखाली पुरल्या. गोण्या आधी कापल्या, म्हणजे त्या कोणी पुन्हा वापरणार नाही.

मग खोली. येथे दोन दिवस गेले आणि येथेच सर्वांत जास्त शिकायला मिळाले, मलाही.

युरिया, तणनाशके, उंदरांचे औषध, पंप आणि औषध लावलेले बियाणे अंगणापलीकडच्या जुन्या न्हाणीघरात हलवले आणि त्याला कडी-कुलूप केले. कीटकनाशक नियम, १९७१ प्रमाणे कीटकनाशके अन्नपदार्थ किंवा पशुखाद्याच्या थेट संपर्कात येतील अशी ठेवता किंवा वाहून नेता येत नाहीत आणि ती वेगळ्या जागेत, कुलपाखाली ठेवायची असतात. गावात फार थोड्यांना हे ठाऊक आहे. विकणाऱ्याने ते पाळायचे असते एवढेच लोक धरतात. औषध लावलेल्या बियाण्याच्या पिशवीवरही ते अन्न, खाद्य किंवा तेलासाठी वापरू नये असे छापलेले असते. त्याची पिशवी केव्हाच फेकली गेली होती आणि नुसता गुलाबी रंग उरला होता. सोयाबीन महाग आहे, बी वाया कशाला घालवायचे म्हणून ते भरडून म्हशीला घालण्याचा विचार मागच्या महिन्यात झाला होता, हे मला या वेळी कळले.

पत्र्याचा जोड डांबरी पट्टीने बुजवला. फरशीवर विटा आणि त्यावर लाकडी फळ्या टाकून गोण्या वीतभर उंच घेतल्या आणि भिंतीपासून हातभर सोडल्या, म्हणजे मागून हवा फिरते आणि उंदराची लेंडी झाडताना दिसते. उंदरांसाठी औषधाऐवजी पिंजरे आणि खिडकीला बारीक जाळी.

वेगवेगळ्या जनावरांच्या खाद्याचे काय, यावर माझी पहिली सूचना चिठ्ठ्या लावण्याची होती. आजी म्हणाल्या, “मला वाचता येत नाही, मी काय करू?” मग झाकणाची पाच पत्र्याची पिंपे आणली आणि त्यांना ऑइलपेंटचे पट्टे मारले: गाई-म्हशी-बैलांना पांढरा, शेळ्यांना हिरवा, मेंढ्यांना निळा, कोंबड्यांना लाल. पाचवे भरड्याचे, बिनपट्ट्याचे. प्रत्येक पिंपात त्याचे स्वतःचे माप, साखळीने अडकवलेले, कारण एकच डबा सगळीकडे फिरला तर पिंपे वेगळी ठेवून उपयोग नाही. लाल पिंप खोलीत न ठेवता खुराड्याजवळच्या कपाटात नेले. गोणी उघडली की तिच्या शिवणीची कागदी पट्टी कापून पिंपाच्या झाकणाला आतून खिळ्याला अडकवायची आणि ते खाद्य संपेपर्यंत काढायची नाही, हा नियम धाकट्या जाऊबाईंनी स्वतः ठरवला.

लाल पिंप लांब ठेवण्याला आणखी एक कारण आहे. कोंबड्यांच्या खाद्यात मासळीचा किंवा मांस-हाडांचा चुरा असू शकतो. दूध व मांस देणाऱ्या जनावरांना गोवंशीय अथवा वराहवंशीय मांस-हाडांचा किंवा रक्ताचा चुरा असलेले खाद्य घालण्यास आपल्या अन्न सुरक्षा नियमांत मनाई आहे. कोंबडी, डुक्कर आणि मासे यांना ती लागू नाही. अशा मनाईमागचा अनुभव ब्रिटनमधला आहे. तिथे १९८६ मध्ये गाईंच्या मेंदूचा जो रोग ओळखला गेला तो अशाच चुऱ्यातून पसरला होता. शिवाय रक्ती हगवणीचे औषध असलेले पिल्लांचे खाद्य अंड्यावरच्या कोंबडीलाही घालायचे नसते, कारण औषधाचा अंश अंड्यात उतरतो. म्हणून लाल पिंपातही आता दोन कप्पे आहेत.

मेंढ्यांचे निळे पिंप पाहून धाकट्या भावाने विचारले की शेळी आणि मेंढी एकच की, मग वेगळे कशाला? गाईंसाठीच्या खनिज मिश्रणात तांबे असते. गाईला ते लागते, शेळीलाही बऱ्यापैकी सोसते, पण मेंढीच्या यकृतात ते साचत जाते आणि महिनोन्महिने काही न दिसता एके दिवशी मेंढी पिवळी पडून दगावते. आपल्याकडे ज्वारीच्या कोवळ्या फुटव्यातली किराळ, म्हणजे जनावराला मारणारे विष, सर्वांना माहीत आहे. लहान पोरही शेळी तिकडे जाऊ देत नाही. गोणीतल्या खाद्याबद्दल असे घरोघरचे शहाणपण अजून तयार व्हायचे आहे, कारण गोणी आपल्या गोठ्यात येऊन फार काळ झालेला नाही.

खरेदीची रीतही बदलली. पावसाळ्यात तीन आठवडे पुरेल एवढीच पेंड आणायची, जुनी आधी संपवायची आणि आणतानाच तुकडा मोडून वास घ्यायचा. मक्यासाठी मी एक साधी परीक्षा दाखवली: कोरड्या काचेच्या बाटलीत मूठभर मका आणि चमचाभर कोरडे, भाजून घेतलेले मीठ घालून बाटली दोन-तीन मिनिटे हलवायची. मीठ काचेला चिकटले तर मक्यात १५ टक्क्यांहून जास्त ओल आहे आणि तो साठवण्याजोगा नाही. खाली मोकळे पडले तरच भरायचा. ही परीक्षा मुलाने उचलली आणि आता घरातला मका त्याच्या हाताखालून गेल्याशिवाय पिंपात पडत नाही.

निष्पत्ती

चारपैकी तीन गाई आणि म्हैस तीन आठवड्यांत पूर्वीच्या दुधावर आल्या. चौथी गाय मात्र त्या वेतात सावरली नाही. गाभण शेळ्यांपैकी एकीही गाभडली नाही. पाचव्या दिवसापासून केंद्राने दूध घेतले. पिंपे, फळ्या, जाळी आणि पत्र्याचे काम यांना मिळून साडेसहा हजारांच्या जवळपास खर्च आला. घोडीचा विमा नव्हता.

मुलगा काही दिवस शाळेत गेला नाही. थोरल्या भावाने मला बाजूला घेऊन विचारले, “डॉक्टरसाहेब, पोराला काय सांगू?” मी मुलाला कुरतडलेली गोणी आणि गाईचे चित्र असलेली गोणी शेजारी ठेवून दाखवली आणि सांगितले की ज्याने ती गोणी पाहिली असती त्याने तेच केले असते. हे मी त्याची समजूत काढण्यासाठी म्हटले नव्हते.

वेगळे काय करता आले असते

जाऊबाईंना वास आला त्या सकाळी सगळीच पेंड थांबवली असती तर गाईंचे आठ-दहा दिवस वाचले असते. ‘ओले वेगळे, कोरडे चांगले’ ही विभागणी डोळ्यांना पटते, पण थप्पीत ओल खालून वर वाफेच्या रूपाने चढते आणि त्या थप्पीतली एकही गोणी दुसरीपासून अलग नसते. एका थप्पीतला माल एकच धरावा, असे मी आता सांगतो.

२५ गोण्या एकदम घेण्याचा निर्णय मी चुकीचा म्हणणार नाही. पेंडीचे भाव पाहता तो व्यवहार होता. मात्र तेवढा माल उन्हाळ्याच्या तोंडावर घेतला असता तर चालला असता. पावसाळ्याच्या मध्यावर, गळक्या खोलीत, नाही.

रिकाम्या गोणीचा पुन्हा वापर हा मला या प्रकरणाचा गाभा वाटतो. गोणीवरचे चित्र आणि पट्टी म्हणजे आतल्या खाद्याची ओळख असते, आणि गोणी बदलली की खाद्य बिनओळखीचे होते. त्या घरात अशा दोन गोण्या होत्या. एकीने घोडी नेली. दुसरीत, युरियाच्या गोणीत, भरडा होता आणि तिच्यातून काही झाले नाही, हा केवळ योगायोग.

माझ्या बाजूनेही चूक आहे. त्या उन्हाळ्यापासून मी तीन वेळा त्या गोठ्यात गेलो होतो आणि तिन्ही वेळा हात धुण्यासाठी बादली त्याच खोलीच्या दारात ठेवलेली होती. आत डोकावलो असतो तर युरिया आणि भरडा शेजारी दिसला असता. आता कोणत्याही गोठ्यात गेलो की आधी जनावर पाहतो आणि निघण्यापूर्वी खाद्याची खोली उघडून दाखवायला सांगतो. काही जणांना ते आवडत नाही.

एक काम अजून राहिले आहे. कडब्याची गंज गोठ्यापासून वीसच पावलांवर, विजेच्या तारेखाली रचलेली आहे आणि सोयाबीनचे भुसकट तिला लागूनच आहे. तार सरकवणे त्यांच्या हातात नाही, म्हणून गंज सरकवायची असे ठरले. यंदाची ज्वारी काढली की नवी गंज बांधाच्या पलीकडे घालणार, असे धाकटे भाऊ म्हणाले आहेत, आणि त्या जागेवर मुरूम टाकून झाला आहे.